टीव्हीवर नको असलेले कास्टिंग थांबवणे: वाट ओळखण्यापासून राउटरपर्यंत, क्रमाने

घरात सगळे टीव्ही पाहत बसलेले असताना मध्येच परक्या फोनवरचा व्हिडिओ सुरू झाला, किंवा कोणा अनोळखी डिव्हाइसला जोडणी हवी असल्याची सूचना पडद्यावर आली, की बहुतेक जण थेट वाय-फायचा पासवर्ड बदलतात. मग सगळे फोन, लॅपटॉप आणि प्रिंटर नव्याने जोडण्यात संध्याकाळ जाते आणि दोन दिवसांनी तीच सूचना पुन्हा दिसते. पासवर्ड बदलण्यात गैर काही नाही. परंतु टीव्हीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत आणि पासवर्डने त्यांतली एकच अडते. एक वाट घरच्या नेटवर्कमधून येते, दुसरी राउटरला वळसा घालून फोन आणि टीव्ही यांच्यात थेट जोडली जाते, आणि तिसरी इंटरनेटवरच्या खात्यामार्फत येते. राउटरमध्ये उघडे राहिलेले पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून आत येण्याचे दार, ही चौथी वाट, पण ती क्वचित आढळते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. आधी वाट ओळखावी, मग ती बंद करावी आणि राउटरला हात सर्वांत शेवटी लावावा.

## तयारी: सेटिंग उघडण्यापूर्वी

पुन्हा सूचना आली किंवा परका व्हिडिओ सुरू झाला, तर घाईने टीव्ही बंद करू नये. आधी आपल्या फोनने पडद्याचा फोटो काढावा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: जोडू पाहणाऱ्या डिव्हाइसचे नाव, सूचनेतले नेमके शब्द आणि आकडी कोड असल्यास तो कोड. ही सूचना काही सेकंदांतच निघून जाते, आणि नंतर आठवणीतून सांगितलेले नाव शोधाला फारसे उपयोगी पडत नाही.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते. त्या क्षणी टीव्हीवर कोणते इनपुट चालू होते? आजकाल एका टीव्हीला तीन-तीन ग्रहण करणारी यंत्रे असतात: टीव्ही स्वतः, एचडीएमआयला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक आणि स्मार्ट सेट-टॉप बॉक्स. या प्रत्येकाचे नाव वेगळे, सेटिंग वेगळे आणि परवानग्याही वेगळ्या. टीव्हीतली सगळी सेटिंग बंद करूनही कास्टिंग चालूच राहते तेव्हा ते बऱ्याचदा मागे लोंबकळणाऱ्या, कोणाच्या लक्षातही नसलेल्या स्टिककडे येत असते. कागदावर घरातल्या अशा सर्व यंत्रांची यादी करावी आणि प्रत्येकाचे नेटवर्कवरचे नाव त्यापुढे लिहावे.

याशिवाय हाताशी असावे ते असे: टीव्हीचा मूळ रिमोट, मोबाइल डेटा असलेला एक फोन, या टीव्हीला कधीच न जोडलेला दुसरा फोन किंवा लॅपटॉप आणि राउटरच्या प्रशासन पानाचा पासवर्ड. हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. पूर्वी बदललेला नसेल, तर तो बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर सापडतो.

इशारा: कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. पुढे घरच्याच फोनवरून कास्ट होईनासे झाले, तर नेमके काय बदलले होते ते या फोटोंवरूनच कळते.

## टप्पा १: स्क्रीन कोणत्या वाटेने येते ते ओळखणे

सुरुवात चित्राच्या निरीक्षणाने करावी. पडद्यावर फोनची संपूर्ण स्क्रीन दिसत असेल, म्हणजे कोपऱ्यात बॅटरीचे चिन्ह आणि घड्याळ, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मध्ये उभे चित्र, तर ते मिररिंग आहे. फोनवर जे जे होते ते सर्व जसेच्या तसे टीव्हीवर उमटत असते. याउलट व्हिडिओ पूर्ण पडदाभर, स्वच्छ आणि टीव्हीतल्याच अ‍ॅपमध्ये चालत असेल, तर ते कास्टिंग आहे. कास्टिंगमध्ये फोन फक्त आज्ञा देतो आणि व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून घेतो. त्यामुळे तो फोन बंद झाला किंवा निघून गेला तरी व्हिडिओ चालू राहू शकतो. एवढ्या निरीक्षणानेही अर्धे काम होते.

त्यानंतर पुढील तीन चाचण्या कराव्यात.

चाचणी अ, थेट वाट. दुसऱ्या फोनवर वाय-फाय चालू ठेवावे, पण ते कोणत्याही नेटवर्कला जोडू नये, आणि मोबाइल डेटा बंद करावा. आता फोनमधला मिररिंगचा पर्याय उघडावा. कंपनीप्रमाणे त्याला स्मार्ट व्ह्यू, स्क्रीन कास्ट, वायरलेस डिस्प्ले अशी नावे असतात. विंडोज लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि 'के' एकत्र दाबले की हीच यादी उघडते. यादीत आपला टीव्ही दिसला, तर त्याची थेट वाट उघडी आहे आणि शेजारच्या भिंतीपलीकडूनही तो असाच दिसत असणार.

चाचणी आ, खात्याची वाट. घरात रोज वापरात असलेल्या फोनचे वाय-फाय पूर्ण बंद करून मोबाइल डेटा चालू करावा. आयफोनवर कंट्रोल सेंटरमधले बटण दाबल्याने वाय-फाय फक्त नेटवर्कपासून सुटते, पूर्ण बंद होत नाही; म्हणून ते सेटिंग्जमध्ये जाऊनच बंद करावे. मग यूट्यूब उघडून कास्टचे चिन्ह, म्हणजे कोपऱ्यात तीन वक्र रेषा असलेला चौकोन, दाबावे. घरचे नेटवर्क सोडलेले असूनही यादीत टीव्ही दिसला, तर जोडणी इंटरनेटवरून होत आहे. पूर्वी घरी येऊन गेलेल्या पाहुण्याच्या फोनवरही तो असाच दिसू शकतो.

चाचणी इ, नेटवर्कची वाट. फोन घरच्या वाय-फायवर असताना टीव्ही यादीत दिसणे स्वाभाविकच आहे. येथे प्रश्न टीव्हीचा नसून त्या वाय-फायवर आणखी कोण आहे याचा आहे, आणि त्याचे उत्तर पाचव्या टप्प्यात राउटरच्या यादीतून मिळेल.

सामान्य चूक: चाचणी 'अ' नेहमीच्या फोनवरून करणे. त्या फोनला टीव्हीने पूर्वीच कायमची परवानगी दिलेली असते, त्यामुळे सूचना येतच नाही आणि परक्याला काय दिसते ते कळत नाही.

## टप्पा २: थेट वाट बंद करणे

थेट मिररिंगचे सर्वांत प्रचलित तंत्र म्हणजे मिराकास्ट. वाय-फाय अलायन्सने २०१२ पासून त्याचे प्रमाणीकरण सुरू केले. त्यात फोन आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टने एकमेकांशी बोलतात. राउटर मध्ये नसतोच. त्यामुळे वाय-फायचा पासवर्ड कितीही अवघड ठेवला, तरी या वाटेवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. मला हे कळायला दोनदा पासवर्ड बदलावा लागला. राउटर दुरुस्तीसाठी काढून बाजूला ठेवलेला असताना, म्हणजे घरात वाय-फायच नसताना, जोडणीची सूचना पडद्यावर आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नंतर असेही लक्षात आले, की सूचनेत 'परवानगी द्या' हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि उशीखाली दबलेल्या रिमोटचे ओके बटण तेवढ्याला पुरते.

अशा घटनांत शेजाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. एकाच इमारतीत एकाच कंपनीचे चार टीव्ही असले, की यादीत जवळपास सारखी दिसणारी चार नावे येतात आणि माणूस चुकीच्या नावावर बोट ठेवतो. म्हणून या टप्प्यातले काम पुढील क्रमाने करावे.

१. टीव्हीचे नाव बदलावे. कारखान्यातून आलेले मॉडेलचे नाव काढून सहज गोंधळ होणार नाही असे वेगळे नाव द्यावे. त्यात आडनाव किंवा घराचा क्रमांक घालू नये. हे नाव आसपासच्या प्रत्येक फोनवर दिसते. चुकून होणारे बरेचसे कास्टिंग एवढ्यानेच थांबते.

२. परवानगीचे सेटिंग शोधावे. सॅमसंगच्या टीव्हीत ते एक्स्टर्नल डिव्हाइस मॅनेजर आणि त्याखाली डिव्हाइस कनेक्शन मॅनेजर येथे असते. संचाच्या वर्षाप्रमाणे हा भाग जनरल किंवा कनेक्शन या मेनूत सापडतो. तेथे अ‍ॅक्सेस नोटिफिकेशन या सेटिंगला तीन पर्याय असतात: बंद, फक्त पहिल्यांदा आणि दर वेळी. 'बंद' याचा अर्थ प्रवेश बंद असा नसून विचारणे बंद असा आहे. सूचनांना कंटाळून अनेक जण नेमका हाच पर्याय निवडतात आणि मग कोणीही न विचारता आत येतो.

३. त्याच ठिकाणची डिव्हाइस लिस्ट उघडावी. ओळखीची नसलेली नावे 'नाकारा' या स्थितीत ठेवावीत, यादीतून पुसून टाकू नयेत. पुसलेले डिव्हाइस टीव्हीच्या दृष्टीने पुन्हा नवे होते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारणा होते. नाकारलेले मात्र लक्षात ठेवले जाते.

रोकू कंपनीच्या स्ट्रीमिंग यंत्रांत सिस्टिम मेनूतल्या स्क्रीन मिररिंगमध्ये विचारावे, नेहमी परवानगी द्यावी आणि कधीच देऊ नये असे तीन पर्याय आहेत. घरात कोणी मिररिंग करत नसेल, तर तिसरा बिनधास्त निवडावा. फायर टीव्हीच्या काही मॉडेलांत होम बटण दाबून धरल्यावर येणाऱ्या मेनूतून मिररिंग चालू केल्याखेरीज ते सुरू होत नाही, म्हणून तेथे मुद्दाम काही करावे लागत नाही. एलजीच्या संचांत हेच काम स्क्रीन शेअर या नावाने चालते. इतर टीव्हींत नेटवर्क मेनूमध्ये वाय-फाय डायरेक्ट, स्क्रीन मिररिंग किंवा वायरलेस डिस्प्ले यांपैकी एखादे नाव शोधावे आणि ते बंद करावे.

इशारा: टीव्ही लॅन केबलने जोडला म्हणजे त्याचा वाय-फायशी संबंध संपला, असे समजू नये. वाय-फाय डायरेक्ट वेगळे चालू राहू शकते.

पडताळा: चाचणी 'अ' पुन्हा करावी. टीव्ही यादीत दिसू नये. दिसलाच तर जोडण्याचा प्रयत्न केल्यावर त्याने परवानगी मागितली पाहिजे.

## टप्पा ३: एअरप्ले आणि गुगल कास्ट

एअरप्ले या अ‍ॅपलच्या सोयीला परवानगीची व्यवस्था चांगली आहे, फक्त ती वापरायला हवी. अ‍ॅपल टीव्हीवर सेटिंग्जमधील एअरप्ले आणि होमकिटच्या पानावर प्रवेश कोणाला द्यायचा ते ठरवता येते: सर्वांना, त्याच नेटवर्कवरील कोणालाही, किंवा फक्त घरातल्या सदस्यांना. 'सर्वांना' हा पर्याय असताना आपल्या नेटवर्कवर नसलेला जवळचा फोनही थेट जोडला जाऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. पाहुण्यांना कधी तरी वापरू द्यायचे असेल, तर मधला पर्याय आणि जोडीला पासवर्ड हे योग्य ठरते. एअरप्लेची सोय असलेल्या इतर कंपन्यांच्या टीव्हीत कोड पहिल्यांदाच मागावा, दर वेळी मागावा की ठरावीक पासवर्ड ठेवावा, असे पर्याय येतात. दाटीवाटीच्या वस्तीत मी 'दर वेळी' निवडावे असे सुचवेन. चार आकडे टाकायला पाच सेकंद लागतात, आणि हे आकडे पडद्यावरच उमटत असल्यामुळे टीव्हीसमोर नसलेल्याला ते कळत नाहीत.

गुगल कास्टचे गणित वेगळे आहे आणि गैरसमजही येथेच जास्त आहेत. क्रोमकास्ट या गुगलच्या यंत्रात, तसेच कास्टची सोय असलेल्या टीव्हीत, 'या फोनला परवानगी, त्या फोनला मनाई' अशी सर्वसाधारण यादी नसते. एकाच वाय-फायवर असणे हीच परवानगी. यंत्र स्वतःच नेटवर्कवर 'मी येथे आहे' असे जाहीर करत असते आणि त्याच नेटवर्कवरचा प्रत्येक फोन ते ऐकतो. म्हणून या वाटेचा खरा बंदोबस्त राउटरवर होतो. तरी येथे तीन गोष्टी कराव्यात.

१. गुगल होम अ‍ॅपमध्ये यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन, इतरांना आपले कास्ट नियंत्रित करू देण्याचा पर्याय बंद करावा. तो चालू असताना त्याच वाय-फायवरच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनवर सूचना जाते आणि एखादा पाहुणा खिशातून फोन काढता काढता आपला चित्रपट थांबवून बसतो. मात्र या पर्यायाने फक्त नियंत्रण थांबते. नवे कास्ट सुरू करणे थांबत नाही.

२. जुने क्रोमकास्ट असेल, तर गेस्ट मोड बंद आहे ना ते पाहावे. त्यात वाय-फायवर नसलेल्या, पण जवळ असलेल्या फोनला चार आकडी पिनच्या आधारे आत येता येत असे.

३. कास्टिंग अजिबातच नको असेल, तर अँड्रॉइड टीव्हीवर अ‍ॅप्सच्या यादीत सिस्टिम अ‍ॅप्स दाखवण्याचा पर्याय निवडून, तेथील क्रोमकास्ट बिल्ट-इन किंवा गुगल कास्ट नावाचे अ‍ॅप अक्षम करावे. याने घरच्यांचेही कास्टिंग बंद होते, म्हणून आधी सर्वांना विचारून घ्यावे. नाही तर दुसऱ्या दिवशी तेच अ‍ॅप कोणी तरी पुन्हा चालू करते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

## टप्पा ४: खात्यामार्फत जोडलेले फोन सोडवणे

ही वाट सर्वांत दुर्लक्षित आहे. यूट्यूबमध्ये टीव्हीवर दिसणारा कोड फोनमध्ये टाकला, की दोघांची जोडणी होते, आणि तिला एकच वाय-फाय असण्याची गरज नसते. मुलांचा मित्र एकदा घरी आला, त्याने कोड टाकून एक व्हिडिओ दाखवला आणि तो निघून गेला. जोडणी मात्र त्याच्या फोनमध्ये तशीच राहिली. काही आठवड्यांनी तो स्वतःच्या घरी बसून आपल्या टीव्हीवर बोट ठेवतो, बहुतेक वेळा नकळत, आणि इकडे आपण राउटर बदलण्याचा विचार करत असतो.

१. टीव्हीवरचे यूट्यूब उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस येथे जावे आणि सर्व डिव्हाइसेस सोडवण्याचा पर्याय निवडावा. एकेक फोन शोधत बसू नये. सर्व सोडवून घरातले फोन पुन्हा जोडणे अधिक सोपे पडते.

२. टीव्हीवर कोणकोणती खाती साइन-इन आहेत ते पाहावे. पाहुण्याचे किंवा जुन्या भाडेकरूचे खाते राहिले असेल, तर ते काढून टाकावे.

३. आपल्या गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात खाते उघडे असलेल्या यंत्रांची यादी असते; ओळखीचे नसलेले यंत्र तेथून साइन-आउट करावे. नेटफ्लिक्समध्येही प्रवेश आणि डिव्हाइसेस हाताळण्याचे असे पान आहे. स्पॉटिफायमध्ये सर्व ठिकाणांहून साइन-आउट करण्याची सोय खात्याच्या पानावर आहे आणि ती गाणी अचानक सुरू होण्याच्या तक्रारीवर लागू पडते.

सामान्य चूक: फोनमधल्या यूट्यूबमधून टीव्हीचे नाव काढणे आणि काम झाले असे समजणे. त्याने फक्त आपल्या फोनची जोडणी जाते. इतरांच्या जोडण्या टीव्हीवरूनच सोडवाव्या लागतात.

पडताळा: चाचणी 'आ' पुन्हा करावी. टीव्हीवर आणि फोनवर एकच खाते असेल, तर आपल्या फोनवर टीव्ही दिसत राहू शकतो. वेगळे खाते असलेल्या, पूर्वी जोडलेल्या फोनवर तो आता दिसता कामा नये.

## टप्पा ५: राउटर

येथे क्रम चुकला, तर केलेले काम पुन्हा करावे लागते. वाय-फायचा पासवर्ड बदलणे ही या टप्प्यातली शेवटची पायरी आहे, पहिली नाही.

पायरी १. प्रशासन पासवर्ड बदलावा. राउटरच्या पानाचा पासवर्ड कारखान्यातला तसाच असेल, तर वाय-फायवर आलेला कोणीही नवा पासवर्डही वाचू शकतो.

पायरी २. जोडलेल्या डिव्हाइसेसची यादी पाहावी. यादीतली निम्मी नावे समजत नाहीत, म्हणून घाबरू नये. घरातली यंत्रे एकेक करून बंद करत जावीत आणि यादीतून काय नाहीसे होते ते पाहावे. शेवटी जे उरेल ते परके. या कामाला अर्धा तास लागतो आणि ते कंटाळवाणे आहे, पण अंदाजाने ब्लॉक करत सुटलेले लोक स्वतःचा प्रिंटर किंवा कॅमेरा ब्लॉक करून बसतात.

पायरी ३. डब्ल्यूपीएस बंद करावे. बटण दाबून किंवा ८ आकडी पिनने जोडणी करण्याची ही सोय आहे. तिच्या पिनमधला दोष डिसेंबर २०११ मध्ये उघड झाला: राउटर पिनचे पहिले चार आकडे आणि उरलेले आकडे वेगवेगळे तपासतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो. त्यामुळे कोटींच्या घरातल्या शक्यता जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांवर येतात. डब्ल्यूपीएस चालू असेल, तर लांबलचक पासवर्ड ठेवण्याचा अर्थच उरत नाही.

पायरी ४. यूपीएनपी (यंत्रांना राउटरमधले पोर्ट आपोआप उघडू देणारी सोय) आणि पोर्ट फॉरवर्डिंग (हाताने उघडलेल्या पोर्टची यादी) तपासावे. क्वचित आढळणारी चौथी वाट ती हीच. जानेवारी २०१९ मध्ये राउटरने बाहेरच्या इंटरनेटला उघडे ठेवलेले ८००८, ८००९ आणि ८४४३ हे पोर्ट शोधून, जगभरातल्या हजारो क्रोमकास्ट यंत्रांवर आणि स्मार्ट टीव्हींवर परका व्हिडिओ चालवला गेला होता. हे पोर्ट पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत दिसले, तर ते काढावेत आणि यूपीएनपी बंद करावे. काही ऑनलाइन खेळांना यूपीएनपी लागते. ते खेळ अडले, तर त्यांच्यापुरता पोर्ट हाताने उघडावा.

पायरी ५. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करावे. घरच्या नेटवर्कवरची टीव्हीची 'मी येथे आहे' ही घोषणा गेस्ट नेटवर्कपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तेथील फोनवर टीव्ही दिसतच नाही. पाहुण्यांना इंटरनेट मिळते आणि टीव्ही आपल्याकडे राहतो. गेस्ट नेटवर्कला घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश देणारा पर्याय असतो. तो बंद असल्याची खात्री करावी.

पायरी ६. आता वाय-फायचा पासवर्ड बदलावा. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड चिन्हांनी भरलेल्या आखूड पासवर्डपेक्षा लक्षात राहायला सोपा आणि ओळखायला अवघड असतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नेटवर्क वेगळी दिसत असतील, तर दोन्हींचा बदलावा. स्वतःचे वेगळे नाव असलेला, वाय-फायचा पल्ला वाढवणारा जुना एक्स्टेंडर असेल, तर त्याचाही बदलावा. तो स्वतःच्या जुन्या पासवर्डवर फोन आत घेत राहू शकतो.

इशारा: आयसोलेशन नावाचे सेटिंग मुख्य नेटवर्कवर चालू करू नये. त्याने वाय-फायवरची यंत्रे एकमेकांना दिसेनाशी होतात आणि घरचे कास्टिंगही बंद पडते. ते गेस्ट नेटवर्कवरच शोभते.

दोन निरुपयोगी उपाय: वाय-फायचे नाव लपवल्याने कोणी अडत नाही, लपवलेले नावही साध्या साधनांनी वाचता येते. मॅक पत्त्यांची, म्हणजे यंत्रांच्या नेटवर्कवरील ओळख क्रमांकांची, यादी करून फोन अडवण्याचा काळही गेला. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता वापरतात. अडवलेला फोन नवा पत्ता घेऊन परत येऊ शकतो.

नवा पासवर्ड घरात सांगताना तो क्यूआर कोडमधून पसरतो, याचे भान ठेवावे. ज्या फोनमध्ये तो आहे, त्यातून कोणीही सेटिंग्ज उघडून दुसऱ्याला क्यूआर दाखवू शकतो. मुलांना 'पासवर्ड सांगू नको' एवढे सांगून भागत नाही. 'क्यूआर दाखवू नको, मित्रांना गेस्टचा दे' असे स्पष्ट सांगावे लागते.

## टप्पा ६: टीव्ही आपोआप चालू होत असेल तर

रात्री बंद केलेला टीव्ही स्वतःहून चालू झाला, तर त्यामागे दोनच कारणे शोधावीत. पहिले एचडीएमआय-सीईसी: स्टिकला कास्टची आज्ञा मिळाली, की ती केबलमधून टीव्हीलाही चालू करते. दुसरे म्हणजे मोबाइलने टीव्ही चालू करण्याची सोय, जी नेटवर्क मेनूत पॉवर ऑन विथ मोबाइल किंवा तत्सम नावाने असते. दुसरी बंद करावी. पहिली बंद केली, तर एकाच रिमोटने सर्व चालवण्याची सोयही जाते, म्हणून आधीचे टप्पे पूर्ण करून तरीही त्रास राहिला तरच तिला हात लावावा.

## टप्पा ७: घरातले फोन

नको असलेले कास्टिंग परक्यांकडूनच होते असे नाही. आपलाच खासगी व्हिडिओ दिवाणखान्यातल्या टीव्हीवर उमटणे हे जास्त वेळा घडते आणि जास्त ओशाळवाणे असते. आयफोनवर जनरल विभागातील एअरप्लेच्या पानावर, आपोआप एअरप्ले करण्याचा पर्याय 'कधीच नाही' किंवा 'विचारा' यावर ठेवावा. फोन टीव्हीजवळ नेऊन टेकवल्यावर मिररिंग सुरू करण्याची सोय काही फोनांत असते. तीही नको असल्यास बंद करावी. फोटो दाखवण्यासाठी कास्ट केल्यानंतर अ‍ॅप मिटवणे पुरेसे नाही. कास्टच्या चिन्हावर पुन्हा जाऊन जोडणी तोडावी लागते.

## अखेरची पडताळणी

तिन्ही चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा कराव्यात, आणि या वेळी तयारीच्या यादीतल्या प्रत्येक यंत्राकरिता, म्हणजे टीव्ही, स्टिक आणि सेट-टॉप बॉक्स यांच्याकरिता, वेगवेगळ्या कराव्यात. चौथी चाचणी गेस्ट नेटवर्कवरून करावी: त्यावर जोडलेल्या फोनवर कास्टच्या यादीत एकही घरचे यंत्र दिसता कामा नये. दिसले, तर पाचव्या टप्प्यातील पायरी ५ पुन्हा तपासावी.

इतके करूनही परके कास्टिंग चालू राहिले, तर टीव्ही कारखान्यातल्या स्थितीत न्यावा. परंतु नंतर सेटअप करताना प्रत्येक पान वाचून पुढे जावे, कारण रीसेटनंतर परवानग्या, टीव्हीचे नाव आणि वाय-फाय डायरेक्ट हे सर्व मूळ स्थितीत परत येते. टीव्हीच्या सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट झाल्यावरही चाचणी 'अ' एकदा करून पाहावी. अपडेटनंतर मेनूची मांडणी बदलते आणि एखादे सेटिंग मूळपदावर गेलेले असू शकते. तयारीच्या वेळी काढलेल्या फोटोंशी ते ताडून पाहता येते.